अंगावर चढवून पाहिल्यावाचून

सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने करावे हे आता सर्वमान्य असल्यामुळे त्याच्या समर्थनात मी वेळ दवडणार नाही. परंतु टप्पे पाडले म्हणजे पद्धत साधली, असा जो समज कचेऱ्याकचेऱ्यांतून रूढ होत आहे, त्याविषयी मला कळकळीने बोलावयाचे आहे.

जाणत्या शिंप्याकडे कोट शिवावयास टाकला, तर माप घेऊनही तो त्यावर विसंबत नाही. कच्चे टाके घालून कोट अंगावर चढवतो, हात वर करावयास सांगतो, बगलेत ओढ बसते तेथे खडूने खूण करतो आणि टाके उसवतो. याऐवजी एखाद्याने या आठवड्यात एक बाही पक्की शिवली, पुढच्या आठवड्यात दुसरी, आणि गिऱ्हाइकाला अखेरच्या दिवशीच बोलावले, तर कामाचे हप्ते पडले खरे, पण कोट अंगावर चढलाच नाही. हप्ते पाडणे निराळे आणि उसवण्याची तयारी ठेवणे निराळे.

सॉफ्टवेअरच्या इतिहासातही हेच दिसते. संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी १९७० सालच्या एका निबंधात काढलेली सॉफ्टवेअर-कामाच्या पायऱ्यांची आकृती पुढे सरळ क्रमाचे प्रमाण मानली गेली. वास्तविक त्याच निबंधात, असा क्रम जसाच्या तसा राबविणे धोक्याचे असून अपयशाला निमंत्रण देणारे आहे, असे त्यांनी बजावले होते, आणि काम अपूर्व असेल तर आधी लहान आवृत्ती करून पाहावी, असे सुचविले होते. इतके असूनही अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८५ च्या दंडकावर सरळ क्रमाचाच पगडा राहिला. उलट स्पेस शटलच्या मुख्य उड्डाणप्रणालीच्या सॉफ्टवेअरचे काम, मागण्या मध्येच बदलत राहणार हे ओळखून, १९७७ ते १९८० या काळात ३१ महिन्यांत १७ आवर्तनांनी तडीस नेले गेले. एकेक आवर्तन सरासरी आठ आठवड्यांचे.

तरुण अभियंत्यांनो, यादीतील किती कामे उरकली याची टिपणे अवश्य ठेवा. परंतु ज्या कारकुनाला ती प्रणाली दिवसभर वापरावयाची आहे, त्याच्यापुढे ती दर आवर्तनात ठेवली काय, आणि त्याच्या सांगण्यावरून काही उसवले काय? उसवले नसेल, तर तुम्ही केवळ बाह्या शिवीत आहात. हे मी पुन्हा सांगतो.

राहता राहिला करारनामा. सर्व मागण्या पहिल्याच दिवशी कलमवार लिहून घेऊन प्रत्येक फेरफाराला जादा आकार लावणाऱ्या दस्तऐवजात उसवण्याच्या खर्चाची तरतूद कशी करावी, हा विषय विस्ताराचा आहे. मिनिटे संपत आल्याने इतकेच सुचवितो की मुदत आणि रक्कम बांधून घ्यावी, कलमे मोकळी ठेवावीत, आणि पुढचे काम कोणते, हे दर आवर्तनानंतर त्या कारकुनाला विचारूनच ठरवावे.