मधुमेह : संशोधनाची वाटचाल आणि साधर्मिकांची सावधगिरी



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आरोग्यविषयक चिंतनासाठी मधुमेह हा विषय निवडला गेला, हे उचितच झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्या आजाराच्या उंबरठ्यावर उभे आहेत. पेढीवर बैठे काम, जेवणात मिष्टान्नाचा आग्रह आणि चालण्याचा कंटाळा हे तिन्ही ज्या समाजात एकत्र नांदतात, त्या समाजाने हे आकडे परक्याचे म्हणून वाचू नयेत.

रोग जुना आहे. सुश्रुतसंहितेत त्याचे सहज आणि अपथ्यनिमित्त असे दोन प्रकार सांगितले असून पहिल्याचा रोगी कृश तर दुसऱ्याचा स्थूल असे वर्णन आहे. परंतु ओळखणे वेगळे आणि वाचविणे वेगळे. १९२२ पूर्वी बालवयात मधुमेह झालेला रुग्ण अन्न तोडून काही महिने तगवला जाई, इतकेच. कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये स्वादुपिंडातील रस वेगळा केला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास तो टोचण्यात आला. पहिल्या वेळी अर्क अशुद्ध ठरला. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर दुसऱ्या वेळी मुलाची साखर उतरली. या शोधाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देण्यात आले, ही गोष्ट व्यापारी वर्गाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

पण हे औषध येत होते कुठून? कत्तलखान्यातून. गाय आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडातून ते काढले जाई. सुमारे सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टनांहून अधिक प्राणिज अवयव लागत. सुमारे साठ वर्षे जगाला दुसरा मार्ग नव्हता. अहिंसा हा ज्यांच्या घराचा पाया, अशा कुटुंबांवर यामुळे केवढे धर्मसंकट आले असेल याची कल्पना करता येते. एका बाजूला घरातील लेकराचा प्राण, दुसऱ्या बाजूला पंचेंद्रिय जीवाची हत्या.

या कोंडीतून वाट काढली ती रसायनशास्त्राने. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्सुलिनची संपूर्ण रचना उलगडली. ती एकूण ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांची आहे. डुकराचे इन्सुलिन मानवी इन्सुलिनहून एका ठिकाणी आणि गाईचे तीन ठिकाणी वेगळे असते, हेही स्पष्ट झाले. रचना कळल्यावर ती अन्यत्र घडविण्याचा विचार सुचणे क्रमप्राप्त होते. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनची जनुकीय आज्ञा सूक्ष्मजंतूत घालून त्याच्याकडून इन्सुलिन बनविण्यात यश आले आणि १९८२ मध्ये त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

येथून ही कथा बजाजनगरच्या दारात येते. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याभोवती ही वसाहत वाढली, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. वाळूज म्हटले की स्कूटर, मोटारसायकल आणि त्यांचे सुटे भाग डोळ्यांसमोर येतात. परंतु याच औद्योगिक वसाहतीत वोक्हार्ट कंपनीचे जैवतंत्रज्ञान संकुल उभे राहिले. या कंपनीने २००३ मध्ये 'वोसुलिन' या नावाने मानवी इन्सुलिन बाजारात आणले. तोवर असे इन्सुलिन मुख्यतः परदेशी कंपन्यांकडून येत असे. वोसुलिन यीस्ट या सूक्ष्म किण्वापासून बनविले जाते. मोठ्या बंद पात्रांत यीस्ट वाढवावयाचे, त्याच्याकडून इन्सुलिन तयार करून घ्यावयाचे आणि नंतर ते अनेक टप्प्यांनी शुद्ध करावयाचे, अशी ही रीत आहे. आज औषधाच्या दुकानात मिळणारे इन्सुलिन जवळजवळ सर्वच यीस्ट अथवा जीवाणूंच्या साह्याने बनलेले असते. ते प्राणिज असते या जुन्या समजुतीपायी कोणी ज्येष्ठ व्यक्ती सुई टाळत असेल, तर घरातील मंडळींनी हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे. यीस्ट हाही जीवच, अशी शंका कोणी काढील. एकेंद्रिय आणि पंचेंद्रिय यांतील भेदाचे विवेचन अधिकारी साधुसाध्वींनीच करावे. व्यासपीठावरील वक्त्याचा तो प्रांत नव्हे.

एक व्यावहारिक सूचना येथेच करणे आवश्यक आहे. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट अथवा १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही निराळ्या, ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी नारिंगी. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली, तर मात्रा अडीचपट होते. वाराच्या भावाने मीटर मोजून दिला तर नुकसान पैशाचे होते, येथे ते जिवावर बेतते. बाटली आणि सिरिंज यांवरील आकडा घेताना जुळवून पाहणे, हाच यावर उपाय.

मोजमापाच्या क्षेत्रातील प्रगती तर अधिकच विस्मयकारक आहे. पूर्वी परीक्षानळीत निळे बेनेडिक्ट द्रावण घेऊन त्यात लघवी तापवीत आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी अशा बदलत्या रंगावरून साखरेचा अंदाज बांधीत. पुढे बोटातील रक्ताच्या थेंबावर चालणारे ग्लुकोमीटर घरोघर आले. त्यासोबत एचबीए१सी ही तपासणी रूढ झाली. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने तिच्यातून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. बोटाची तपासणी म्हणजे रोजमेळ आणि एचबीए१सी म्हणजे तिमाही ताळेबंद. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी चार दिवस गोड सोडले की रोजमेळ सुधारतो, ताळेबंद मात्र फसत नाही. साडेसहा टक्के वा त्याहून अधिक आकडा मधुमेहाचा निदर्शक मानतात. रक्तक्षय असल्यास हाही आकडा दिशाभूल करू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनची नोंद सोबत असावी.

अलीकडे दंडावर चिकटवावयाचा नाण्याएवढा संवेदक आला आहे. तो सुमारे चौदा दिवस त्वचेखालील द्रवातील साखर दर काही मिनिटांनी नोंदवितो. रक्ताच्या तुलनेत त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. पथ्याचे म्हणून खाल्लेल्या खजुराने किंवा उसाच्या रसाने साखर कुठवर चढली, हे तो निर्विवादपणे दाखवितो.

आता महाराष्ट्रातीलच एका संशोधनाकडे वळू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना पडलेला प्रश्न साधा होता : भारतीय माणूस पाश्चात्त्य माणसाहून सडपातळ असूनही त्याला मधुमेह अधिक व लवकर का होतो? २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र छापून आले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या ठायी २१.२ टक्के! दोन ताके काट्यावर सारखे भरले तरी सूत किती आणि खळ किती, हे काटा सांगत नाही. तसाच हा प्रकार.

ही चरबी येते कोठून? १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउथम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याकडील बाळ स्नायूंनी व अवयवांनी लहान होते, त्वचेखालील चरबी मात्र बऱ्याच अंशी टिकून होती. म्हणजे पुढील मधुमेहाची पूर्वतयारी मातेच्या उदरातच होऊ लागते. त्या मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. फोलेट भरपूर पण बी-१२ कमी अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक दिसला, असे २००८ च्या अहवालात नमूद आहे. पुण्याच्याच दुसऱ्या पाहणीत शहरी मध्यमवर्गीय पुरुषांपैकी ८१ टक्क्यांत बी-१२ ची कमतरता आढळली होती.

शाकाहारी समाजाने या ठिकाणी कान टवकारले पाहिजेत. बी-१२ वनस्पतींत नसते. शाकाहारात ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. दूध सोडणाऱ्याने, विवाहयोग्य मुलीने आणि गर्भवतीने ते तपासून घ्यावे. त्यातच मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे पहिले औषध दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ चे शोषण घटते. तळपायांची आग आणि मुंग्या या प्रत्येक वेळी साखरेमुळेच असतील असे नाही. औषधी बी-१२ जीवाणूंच्या किण्वनातून बनते. कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे असू शकते, म्हणून गोळी मागून घ्यावी. याकरिता आहाराचे व्रत मोडण्याचे कारण नाही.

नव्या औषधांचा केवळ उल्लेख करू. मूत्रावाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गटातील एम्पाग्लिफ्लोझिनने, हृदयविकारही असलेल्या मधुमेहींत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटल्याचे २०१५ मध्ये दिसले. मार्च २०२५ मध्ये त्याचे भारतातील पेटंट संपले आणि किंमत उतरली. भूक व वजन कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनेही आली आहेत. त्या वाटेवरील पहिल्या औषधाची कल्पना एका विषारी सरड्याच्या लाळेतून सुचली, आजची औषधे मात्र प्रयोगशाळेत घडविलेली असतात. ती महाग आहेत आणि शेजाऱ्याने घेतली म्हणून घ्यावीत अशी नाहीत.

शेवटी तपश्चर्येचा विषय. सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या प्रथेला विज्ञानाची पुष्टी मिळाली, असे व्यासपीठांवरून ऐकू येते. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात दिवसाचे सर्व जेवण दुपारी तीनपूर्वी आटोपल्याने इन्सुलिनचे कार्य सुधारले हे खरे, पण त्यात पुरुष होते अवघे आठ. आठ ग्राहकांवरून बाजाराचा कल कोणी ठरवीत नाही. लवकर जेवण्याचा नियम पाळावा, परंतु त्याच्या बळावर गोळी बंद करू नये.

पर्युषणातील उपवास आणि अठ्ठाई यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेऊन निराहार राहिल्यास साखर धोकादायक खाली जाते. याउलट, बालवयातील मधुमेह असणाऱ्याने इन्सुलिन पूर्ण थांबविणे तितकेच घातक. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन घेऊन निराहार राहिल्यास रक्तात आम्ल साचू शकते, आणि त्या वेळी साखरेचा आकडा फारसा वाढलेलाही दिसत नाही. म्हणून पर्युषणाच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांशी बोलावे. तपस्व्याने व्रत लपवू नये आणि सुनेने, मुलाने ते डॉक्टरांना सांगण्यास संकोचू नये. उपवासात बोटाची तपासणी चालूच ठेवावी. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली किंवा साखर ७० च्या खाली गेली, तर तत्क्षणी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. पच्चक्खाणाच्या पाठातच समाधीसाठीचा आगार ठेवलेला आहे. पारण्याच्या दिवशी पहिला घास घेण्यापूर्वी साखर मोजावी आणि त्या दिवशीची मात्रा डॉक्टरांकडून आदल्या दिवशीच लिहून घ्यावी.

जय जिनेंद्र!