शॅननकाठचा खंड्या

आयर्लंडमधील लिमरिक शहरी, जेथे शॅनन नदीचे गोडे पाणी समुद्राच्या भरतीस भेटते, तेथे आपल्याकडील कांदळवन नाही. परंतु लव्हाळे आणि वाळुंज यांनी वेढलेल्या त्या काठावर आपल्याच ओढ्यांवर आढळणारा, जेमतेम १६-१७ सेंटिमीटर लांबीचा छोटा खंड्या वास करतो. त्याचे छायाचित्र घेणे हे कौशल्याहून सबुरीचे काम. कारण पाण्यालगत सरळ रेषेत तो क्षणार्धात निघून जातो, आणि पाठीवरील निळाई रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेत प्रकाश विखुरल्याने उमटणारी असल्यामुळे, उजेड पालटताच तिची छटाही पालटते. म्हणून जाणता छायाचित्रकार त्याचा पाठलाग करीत नाही; विष्ठेचे पांढरे डाग पडलेल्या फांदीसमोर आडोसा करून बसतो आणि त्याच्या तीक्ष्ण शिटीकडे कान लावतो. दरडीत बीळ कोरून खंड्याची जोडी बहुधा ६-७ अंड्यांचा संसार मांडते. त्या घरट्यापाशी छायाचित्रण करण्यास १९७६ च्या वन्यजीव कायद्यान्वये सरकारी परवाना लागतो, आणि हा बंदोबस्त मला रास्त वाटतो. कारण माणसाने तेथे तळ ठोकल्यास, पिल्लासाठी मासा डोके पुढे करून चोचीत धरलेला तो पक्षी बिळात शिरण्याचे टाळतो.