चौकटीबाहेरचे भीमराव

साल 1901. मसूर स्टेशनवर उतरलेली काही मुलं वडिलांकडे गोरेगावला निघाली आहेत. जात कळल्यावर गाडीवान त्यांच्यासाठी गाडी हाकायला तयार होत नाही; दुप्पट भाडं घेतो आणि मुलांनाच हाकायला लावतो. वाटेत प्यायला पाणी मिळत नाही. त्यांतला एक मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला हा प्रसंग ‘भीमायन’ या 2011च्या चित्रकथेत आहे. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड कलाकारांची. कॉमिक्स म्हटलं की चौकटी आल्याच; पण माणसांना चौकटीत कोंडायला हे दोघं राजी नव्हते. घराच्या भिंतींवर काढतात त्या ‘दिग्ना’ नक्षीनं त्यांनी पानं विभागली. संवादांचे फुगे तर बघत राहावेत असे. सोसणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात, आणि विटाळ मानणाऱ्याच्या शब्दांना चक्क विंचवाची नांगी! कोण कुणाला डसतंय, हे वाचता न येणाऱ्यालाही कळावं. लेखकाला इथं निदान एक परिच्छेद खर्चावा लागला असता.

पुढे परदेशात शिकून आलेले, तरीही बडोद्यात राहायला जागा न मिळालेले बाबासाहेबही या पानांत भेटतात.