वेदना आणि चिनी सुई



छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहून मीं मुलांना शिकविलें. त्याची दक्षिणा म्हणून निवृत्तीच्या वेळीं मला दोन दुखरे गुडघे मिळाले. वेदनाशामक गोळ्यांनीं पोट बिघडूं लागलें, तेव्हां एका स्नेह्याच्या आग्रहावरून मीं चिनी सूचिचिकित्सेची, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरची, कास धरली. तो अनुभव आणि त्यापायीं माझ्या हातून घडलेली एक चूक, यांविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ही विद्या फार प्राचीन आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वींच्या ‘ह्वांगदी नेईचिंग’ या ग्रंथांत नऊ प्रकारच्या सुयांचें वर्णन आहे. शरीरांत ‘ची’ नांवाची प्राणशक्ति बारा प्रमुख मार्गांनीं वाहते. ती अडली कीं वेदना उत्पन्न होते, आणि योग्य बिंदूवर सुई टोंचली कीं वाट मोकळी होते, अशी त्यामागील कल्पना. वाताचा मार्ग रोधला कीं शूळ उठतो असें ऐकत आलेल्या आपल्या कानांना ही भाषा अगदींच परकी वाटूं नये. इ. स. १०२७ मध्यें वांग वेईयी या वैद्यानें शिक्षणासाठीं कांशाचे दोन पुतळे करविले. पुतळ्यांत द्रव भरून वरून मेणाचा लेप देत. विद्यार्थ्याची सुई नेमक्या छिद्रांत शिरली तरच द्रव बाहेर येई, असें सांगतात. परीक्षा घेण्यांत आयुष्य गेलेल्या मला या युक्तीचें मोठें कौतुक वाटतें!

या विद्येशीं आपला एक धागाहि जुळलेला आहे. १९३८ सालीं सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, त्यांतच डॉ. विजयकुमार बसु होते. कोटणीस १९४२ सालीं तेथेंच निवर्तले. बसूंनीं पुढें पुन्हां चीनला जाऊन ही विद्या आत्मसात् केली आणि १९५९ च्या सुमारास कलकत्त्यास आणली.

परंतु आधुनिक शास्त्र काय म्हणतें? जर्मनींत कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर, शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोंचलेल्यांपैकीं शेंकडा सुमारे ४८ जणांना आराम पडला. भलत्याच जागीं वरवर टोंचलेल्यांपैकीं ४४ जणांना. आणि औषध, व्यायाम इत्यादि नेहमींचे उपचार घेतलेल्यांपैकीं अवघ्या २७ जणांना. म्हणजे सुईनें गुण येतो हें खरें. पण त्याचें श्रेय नेमक्या बिंदूला फारसें देतां येत नाहीं. टोंचल्यानें शरीर स्वतःचीं अफूसारखीं वेदनाहारक द्रव्यें सोडतें, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. शिवाय रोग्याचा विश्वास आणि वैद्यानें दिलेला वेळ यांचाहि त्यांत वांटा असावा.

दहा खेपांनंतर माझे गुडघे बरेच हलके झाले. जिना चढूं लागलों. झिजलेलें हाड मात्र झिजलेलेंच राहिलें. आणि येथेंच माझी चूक झाली. उत्साहाच्या भरांत मी या सुईचा प्रचारकच बनलों. घरांत पत्नीची पाठ दुखूं लागली, तेव्हां कोणतीहि तपासणी न करतां तिलाहि मीं तेथेंच नेलें. तिला थोडा आराम वाटे, म्हणून दोन महिने तसेच गेले. अखेर क्ष-किरणांनीं चित्र काढलें, तों ठिसूळपणामुळें मणकाच दबला होता. ती मला एका शब्दानेंहि बोलली नाहीं. तें मौनच मला अधिक टोंचलें.

म्हणून सांगतों : वेदना ही निरोप आणणारी दासी आहे. निरोप ऐकून न घेतां तिला गप्प करूं नये. प्रथम निदान करावें. मग हवी तर सुई घ्यावी, तीहि नवी, निर्जंतुक आणि जाणत्या हातची. चिनी काढ्यांविषयीं तर अधिकच सावध असावें. त्यांत बचनागाच्या जातीचीं विषारी मुळेंहि असतात, आणि चालूं असलेल्या औषधांशीं त्यांचें जमेलच असें नाहीं.

सुई टोंचून घेण्यास हरकत नाहीं. डोळे मात्र उघडे असावेत.