राजीनामा कोणाचा?



नोकरी सुटण्याच्या कायद्याबद्दल बोलताना आपण 'कामावरून काढलं' एवढंच बघतो. मी आज राजीनाम्याबद्दल बोलणार आहे आणि उदाहरण इटलीचं घेणार आहे.

तिथे १९६३च्या कायद्याने लग्न केलं म्हणून बाईला कामावरून काढणं रद्दबातल ठरवलं. १९७१च्या कायद्याने गरोदरपण सुरू झाल्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत तिला काढायला बंदी घातली. कारखाना बंद पडणं, तिच्या हातून गंभीर गैरवर्तन होणं, असे मोजकेच अपवाद ठेवले.

मग मालकांनी वेगळी वाट काढली. नोकरी देतानाच राजीनाम्यावर सही घ्यायची आणि तारखेची जागा कोरी ठेवायची. बाईला दिवस गेले, की तारीख टाकायची. कागदोपत्री तिला कोणी काढलेलंच नाही, तीच सोडून गेली!

तिथल्या बायकांनी आणि कामगार संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. २००७ साली कायदा झाला: राजीनामा सरकारी क्रमांक असलेल्या फॉर्मवरच द्यायचा आणि तो फॉर्म फक्त पंधरा दिवस चालणार. म्हणजे आधी सही घेऊन ठेवण्यात अर्थच उरला नाही. पण २००८मध्ये सरकार बदललं आणि कागदपत्रांचा जाच कमी करायच्या नावाखाली काही महिन्यांतच तो कायदा रद्द झाला. मिळालेला हक्क असाही जातो.

२०१२मध्ये पुन्हा तपासणी आली. गरोदर बाईचा किंवा तीन वर्षांखालील मुलाच्या आईचा राजीनामा मजूर खात्याच्या अधिकाऱ्याने तिच्याकडून खात्री करून घेतल्याशिवाय लागू होत नाही. मार्च २०१६पासून इतरांनी राजीनामा सरकारी संगणक यंत्रणेतूनच द्यायचा. सात दिवसांत तो मागेही घेता येतो. या यंत्रणेतून घरकाम मात्र वगळलं आहे, आणि घरकामात बहुसंख्य बायका, त्यातही परदेशातून आलेल्या!

आणखी एक गोष्ट. अधिकारी कारण विचारतो, तेव्हा आया बहुतेक वेळा सांगतात की मूल सांभाळून नोकरी जमत नाही. पाळणाघर नाही, कामाच्या वेळा बदलून मिळत नाहीत. सही तिचीच, तारीखही तिचीच. कायद्याच्या दृष्टीने सगळं चोख.

म्हणून माझं म्हणणं असं, की कोऱ्या कागदाविरुद्धची लढाई लढायलाच हवी, पण ती जिंकल्यावर पाळणाघराची मागणी सोडून चालणार नाही. नाहीतर राजीनामा तिच्या हातचा असेल, निर्णय मात्र तिचा नसेल.