इंजेक्शनची चिठ्ठी लिहितो कोण?

(मंडळाच्या आरोग्यविषयक व्याख्यानातील भाषणाचा मजकूर)

मोदकांच्या दिवसांत वजनावर बोलणाऱ्याला कोणी पानावर बसवून घेणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण विषय कार्यकारिणीनेच दिला आहे, तेव्हा दोष त्यांना द्या.

कोप्पीकर रोडवर औषधाच्या दुकानात माझी पस्तीस वर्षं गेली. पूर्वी वजनासाठी कोणी आलं, तर चूर्ण नाहीतर कमरेचा पट्टा मागायचं. आता मोबाईल पुढे करतात. त्यावर कुठल्यातरी ऑनलाइन दवाखान्याची चिठ्ठी असते आणि प्रश्न असतो, "काका, हे आहे का?" 'हे' म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन. टिर्झेपटाइडचं मौंजारो आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं, सेमाग्लुटाइडचं वेगोवी त्याच जूनमध्ये. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला. औषध जितकं स्वस्त होईल, तितके ते घरपोच देणारे वाढतील.

औषध बोगस नाही, हे आधी सांगतो. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. शंभर किलोचा माणूस पंचाऐंशीवर आला म्हणा. पण त्याच लोकांचं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे हा तीन महिन्यांचा कोर्स नव्हे, रक्तदाबाच्या गोळीसारखी लांबची सोबत आहे. त्यामुळे ऑनलाइन सेवा निवडताना पहिल्या महिन्याची सवलत पाहू नका. दुसऱ्या वर्षी फोन कोण उचलणार, ते पाहा.

या सेवांना आपल्याकडे नियम आहेत. २५ मार्च २०२०, म्हणजे लॉकडाऊनचा पहिला दिवस. त्याच तारखेला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. डॉक्टर नोंदणीकृत हवा, त्याचं नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक रुग्णाला दिसला पाहिजे. नुसत्या संगणकाच्या बुद्धीने सल्ला देता येत नाही, औषधही लिहिता येत नाही. साधी, चिठ्ठीविना मिळणारी औषधं सोडली, तर पहिल्या वेळी व्हिडिओवर समोरासमोर बोलणं लागतं. दहा खुणा करायचा फॉर्म भरला आणि चिठ्ठी आली, असं कोणी सांगितलं की मी विचारतो, "चेहरा पाहिला का डॉक्टरांचा?" बऱ्याचदा उत्तर येत नाही. शिवाय चिठ्ठी रुग्णाची असते. ती घेऊन कुठल्याही दुकानात जायचा त्याला हक्क आहे. चिठ्ठी हातात न देता "औषध आमच्याकडूनच येईल" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. मी दुकानदार आहे म्हणून हे बोलतो असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

जाहिरातींचंही तसंच. जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे, त्याच्या यादीत लठ्ठपणाही आहे. तरी मोबाईलवर रोज कोणी ना कोणी बारीक होऊन नाचत असतं.

पण मी सेवा ओळखतो ती तिने विचारलेल्या प्रश्नांवरून. घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला होता का, विशेषतः मेड्युलरी प्रकारचा? स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? पित्ताशयात खडे? मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू आहे का? कारण सोबत हे इंजेक्शन सुरू केलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते आणि आधीचा डोस कमी करावा लागतो. रक्ताचे रिपोर्ट न मागता, ही चौकशी न करता जो औषध देतो, तो विक्रेता आहे, डॉक्टर नव्हे. मला तर ज्या ठिकाणी पाचांतल्या एकाला "तुम्हाला हे नको" असं सांगितलं जातं, तिथेच भरवसा वाटतो.

लग्नसराईत मुली येतात, बरोबर आई असते. तीन महिन्यांत दहा किलो हवे असतात, साड्या घेऊन झालेल्या असतात. त्यांना कोणीच सांगितलेलं नसतं, की गरोदरपणात हे औषध चालत नाही आणि मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपटाइडने तर गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. हे आईसमोर बोलायला दुकानदाराला संकोच वाटतो, बोलावं लागतंच. ऑनलाइन डॉक्टरने मुलीला एकटीला विचारलं असतं, तर बरं झालं असतं.

डोस हळूहळू, चार-चार आठवड्यांनी वाढवायचा असतो. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होतात, बहुतेकांचे निवळतात. पण पोटात सतत तीव्र कळ उठून पाठीकडे गेली, तर चॅटवर वाट पाहायची नाही. किम्स गाठायचं किंवा जवळचं रुग्णालय. हरतालिकेचा निर्जळी उपास करणाऱ्या वहिनींनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण उलट्या होत असताना पाणी बंद म्हणजे मूत्रपिंडावर ताण. ऑपरेशन किंवा भूल द्यायची असेल तर हे औषध चालू आहे, हे भूलतज्ज्ञांना सांगितलंच पाहिजे.

अमेरिकेतल्या मुलाबाळांनाही एक निरोप द्या. तिथे तुटवड्याच्या काळात औषधालयांनी स्वतः मिसळलेल्या इंजेक्शनांचा धंदा फोफावला; तुटवडा संपल्याचं सरकारने जाहीर केलं, तरी जाहिराती थांबल्या नाहीत. सुट्टीला येताना कोणी 'स्वस्तातली कुपी' आणली, तर घेऊ नका. सीलबंद पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, गोठू द्यायचं नसतं, आणि विमानतळाच्या बॅगेत ते कसं आलं, कोणाला ठाऊक?

माझं मत विचाराल, तर पहिली भेट आपल्या ओळखीच्या फिजिशियनकडे, प्रत्यक्ष. वजन, रक्तदाब, साखर, यकृत-मूत्रपिंडाचे रिपोर्ट तिथेच होऊ दे. पुढचे महिने तेच डॉक्टर व्हिडिओवर पाहणार असतील तर ऑनलाइन जरूर करा. ज्यांना बेंगळुरूचा तज्ज्ञ हवा, त्यांना तर रेल्वेचा फेरा वाचतो. ऑनलाइनच सुरुवात करायची असेल, तर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मेडिकल कौन्सिलच्या यादीत पाहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, नातवंडं करून देतील.

आता चहा येतोय. प्रश्न विचारा, पण स्वतःची चिठ्ठी चारचौघांत नको. ती घेऊन उद्या दुकानात या.