शिदोरीबरोबर माहितीही बांधा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘प्रवासाची तयारी’ या विषयावर मी बोलावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी नकोच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि प्रवास म्हणाल तर माहेर, देवदर्शन आणि लग्नकार्ये. पण त्या म्हणाल्या, “तुमची कुर्डुवाडीची हकीकत सांगा, तेवढे पुरे.” तेव्हा तीच सांगते.

सन २०१५ च्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून पंढरपूरला निघालो. कुर्डुवाडीला उतरून पुढे जायचे होते. बरोबर सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, सासूबाईंची औषधे, मी काही म्हणता काही विसरले नाही. तिकीट, पैसे आणि गाडीची माहिती तेवढी यजमानांकडे. ते आपलेही काम आहे, हे कधी मनातच आले नाही.

दौंडला हे पाण्याची बाटली भरायला उतरले. नळावर गर्दी होती. गाडी हलली, आणि खिडकीतून पाहते तो हे फलाटावरच! धावत होते, मग दिसेनासे झाले. डब्यात चढले की खाली पडले, काही कळेना. माझ्या हातापायांतले बळच गेले.

समोरच्या बाई म्हणाल्या, “ताई, रडू नका. यजमानांचा नंबर सांगा, माझ्या फोनवरून लावते.” माझ्या मोबाईलची बॅटरी संपलेली, आणि नंबर मला पाठ नव्हता. भगिनींनो, मला सगळ्या आरत्या पाठ, मनाचे श्लोक पाठ. पण ज्यांच्याशी संसार केला त्यांचा दहा आकडी नंबर पाठ नव्हता! त्या दिवशी जी शरम वाटली, ती अजून विसरले नाही.

तिकीट तपासनीस आले. यादीत आमची नावे होती, म्हणून निभावले. त्यांनी सांगितले, “कुर्डुवाडीला उतरा आणि स्टेशनमास्तरांच्या कचेरीजवळच थांबा. इकडेतिकडे जाऊ नका.” तसेच केले. मुले भुकेने रडू लागली नाहीत, कारण शिदोरी होती. पण पैसा जवळ एक नव्हता. तेव्हा सासूबाईंनी कनवटीची गाठ सोडली. आत दहा-दहाच्या सात नोटा! त्या गाठीला मी कितीदा हसले होते. त्या दिवशी मुलांना दूध मिळाले ते तिच्यामुळे.

अडीच तासांनी मागच्या गाडीने हे आले. गाडी पकडायला दांडीला हात घालणार, तोच एका हमालाने त्यांना मागे ओढले होते. त्या हमालाचे नाव आम्हाला ठाऊक नाही, पण माझे कुंकू त्याने राखले. गाडी चुकली तर दोन तास जातात. पाय चुकला तर माणूस जाते. एवढे एक घरी जाऊन सगळ्यांना सांगा.

तेव्हापासून मी काही नियम केले आहेत. गाडीचा नंबर, डबा, जागा आणि उतरायचे स्टेशन एका चिठ्ठीवर लिहून ती मी माझ्याजवळ ठेवते. घरच्या दोघांचे फोन नंबर पाठ केले आहेत. मुले लहान होती तोवर त्यांच्या खिशात आतल्या बाजूला तशीच चिठ्ठी असे. पैसे तीन ठिकाणी विभागते. चुकामूक झाली तर कोठे थांबायचे, ते निघण्यापूर्वीच ठरवतो.

आता मदतीचे नंबर पाठ करा. रेल्वेत कसलीही अडचण आली तर १३९. कोठेही जिवावरचा प्रसंग आला तर ११२. मूल हरवले तर १०९८. आणखी एक गोष्ट मला पुढे कळली. सन १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलमही १३९ च आहे. तिकीट नाही म्हणून, बरोबर पुरुष नसलेल्या बाईला किंवा मुलाला रात्री किंवा वाटेतल्या कुठल्याही आडस्टेशनावर उतरवता येत नाही. उतरवायचे तर दिवसा, आणि जिथून ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे ठिकाण असेल तिथेच. तिकीट काढायचेच, पण घाबरून कोणाच्या सांगण्यावरून अंधारात उतरू नका.

आपल्या मंडळाच्या सहलीत चहासाठी स्टोव्ह घेण्याची सूचना दरवर्षी येते. सन २०२३ च्या ऑगस्टमध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या उभ्या डब्यात, चोरून नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जीव गेले. गाडीत गॅस, स्टोव्ह, रॉकेल नेण्यास बंदी आहे. चहा स्टेशनावर मिळतो, बायांनो.

उलट्या-जुलाबांसाठी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. मिठाचे प्रमाण वाढवू नये.

शिदोरी बांधण्यात आपला हात कोणी धरणार नाही. तिच्याबरोबर माहितीचीही गाठ बांधा. येत्या सहलीला निघण्यापूर्वी मी प्रत्येकीला घरचा नंबर विचारणार आहे, आणि तो फोनमध्ये न पाहता सांगायचा!